हे काय, इथंच!

माझ्या चेहऱ्यात चौकशीच्या खिडकीसारखे काहीतरी असावे. रस्त्यावरून शंभर माणसे जात असली तरी पत्ता विचारणारा इसम नव्व्याण्णवांना चुकवून नेमका माझ्यासमोर येऊन उभा राहतो. वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसल्याचा हा परिणाम असावा, असे मी म्हणतो. ‘तुम्ही मुळातच रिकामटेकडे दिसता,’ असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. ते काही का असेना. माझी खरी अडचण अशी की, मला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. बिचारा माणूस एवढ्या आशेने विचारतो, त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे?

एकदा डोंबिवलीत एका गृहस्थाला मी ‘सरळ जाऊन डावीकडे वळा’ म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. अर्ध्या तासाने ते गृहस्थ घामाघूम होऊन उलट्या बाजूने आले आणि पुन्हा माझ्यासमोरच उभे राहिले. त्यांनी मला ओळखले नाही. पुन्हा तोच पत्ता विचारला. या वेळी मी त्यांना उजवीकडे पाठवले. कोणत्याही एका बाजूवर अन्याय होऊ नये, एवढाच माझा हेतू.

आता प्रश्न असा की, मी त्यांच्याशी खोटे बोललो का? फसवण्याचा हेतू नव्हता. उलट मदत करायची होती. पण घाम त्यांचा गेला तो गेलाच. आम्हा बी. कॉम.वाल्यांना नीतिशास्त्राचा पेपर नसतो. आमच्याकडे खोटे ओळखण्याची एकच रीत : ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत, की कुठेतरी कोणीतरी काहीतरी केले आहे. पण रस्ता सांगणाऱ्याचा ताळेबंद कोण तपासणार? या प्रश्नाचा मी पुढे कधी विचारही केला नसता. पण बँकेने मला खोडाळ्याला पाठवले आणि तो प्रश्न पायात काटा मोडावा तसा मोडला.

खोडाळ्याला जाण्याआधी थोडे आपल्या शहरांविषयी बोलले पाहिजे. शहरातली माणसे पत्ता सांगताना खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. ती इतिहास सांगतात. पुण्यात लकडी पुलाला लाकूड शोधायला जाल तर फसाल. तो पेशवाईत लाकडी होता, पुढे दगडी झाला, कागदोपत्री त्याला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव आहे, पण रिक्षावाल्याला ‘लकडी पूल’च कळतो. मुंबईत धोबी तलावात तलाव नाही. काळा घोडा तर कमालीचा. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ साली हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुढे बावन्न वर्षे मुंबईकर, जिथे घोडा नाही त्या जागेला बिनदिक्कत ‘काळा घोडा’ म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तिथे नवा घोडा आणून उभा केला. त्यावर स्वार नाही. लोकांना घोड्याशी मतलब होता, राजाशी नव्हता, हे त्यावरून सिद्ध झाले.

पुण्याच्या देवांचे तर विचारूच नका. जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर! परगावच्या माणसाला ‘खुन्या मुरलीधराच्या पुढे’ असा पत्ता दिला, तर तो पुढे जाण्याऐवजी आल्या गाडीने परत जायचा.

आणि वाट सांगायचे आपले वाक्प्रचार? ‘नाकासमोर जा.’ मराठीतला हा सर्वांत धोक्याचा सल्ला. माणूस जिकडे वळतो तिकडे नाकही वळते. त्यामुळे नाकासमोर चालणारा माणूस कुठेही पोहोचला तरी त्याने सल्ला मोडला असे होत नाही. ‘दगड मारला तर लागेल इतकं जवळ.’ कोणाला लागेल, याचा खुलासा नाही. बिल्डर लोकांची जाहिरात असते, ‘स्टेशनपासून अवघ्या पाच मिनिटांच्या अंतरावर’. आमची इमारतही पाच मिनिटांच्याच अंतरावर आहे. फक्त ती पाच मिनिटे रात्री दोन वाजता, रस्ता रिकामा असताना, मोटारसायकलवरून मोजलेली आहेत. मी गेली बारा वर्षे ती पाच मिनिटे पंचवीस मिनिटांत चालतो आहे.

हा केवळ मराठी माणसाचा गुण नव्हे. आमचा एक भाचा नोकरीसाठी हाँगकाँगला असतो. तो सांगतो, तिथल्या कँटनी बोलीत गर्दीला ‘माणसांचे डोंगर, माणसांचे समुद्र’ म्हणतात आणि ओसाड जागेला म्हणतात, ‘तिथे भुताची सावलीसुद्धा नाही.’ आपल्याकडे गर्दी असली की मुंगीला शिरायला जागा नसते आणि ओसाड असले की चिटपाखरू नसते. म्हणजे त्यांचे काम डोंगर, समुद्र आणि भुते यांच्यावर चालते, आपले मुंग्या-पाखरांवर भागते. शेजाऱ्याला ते ‘कुंपणापलीकडचा’ म्हणतात. हे मात्र मला फारच पटले. आमच्या चाळीतले सगळे महत्त्वाचे संबंध कुंपणावरूनच सुरू झाले आणि कुंपणावरूनच बिघडले.

तर खोडाळा. बँकेने तीन महिन्यांसाठी माझी मोखाडा तालुक्यात रवानगी केली तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारी हळहळून म्हणाले, ‘‘अरेरे! तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही हो.’’

कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून पुढे घाटाघाटाने विहीगावावरून खोडाळा. वाटेत विहीगावचा धबधबा लागतो. लोक त्याला ‘अशोका धबधबा’ म्हणतात. मला वाटले, सम्राट अशोक इकडे येऊन गेला असावा, कुठेतरी शिलालेख असेल. चौकशीअंती कळले की, सम्राट नव्हे, त्याच्या नावाच्या, २००१ साली पडद्यावर आलेल्या सिनेमाचे चित्रीकरण येऊन गेले. असो. कलिंगाच्या लढाईने मगधाचे जेवढे झाले नसेल तेवढे एका गाण्याने या धबधब्याचे झाले.

खोडाळ्याला उतरलो आणि पहिले दर्शन घडले ते एका काळ्या कुत्र्याचे. ते माझ्याकडे बघून फिरकले, एवढेच नव्हे तर तीन महिने रोज फिरकत होते. ‘काळं कुत्रं फिरकत नाही’ असे म्हणणारा माणूस स्वतः तिथे फिरकलेला नसतो, हे मला तेव्हा समजले. खोडाळा म्हणजे आजूबाजूच्या पाड्यांची बाजारपेठ. मीठ-मिरचीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळे तिथे मिळते. जवळच देवबांधचा गणपती. वर सूर्यमाळ. तिथून खालच्या डोंगररांगा पाहिल्या, की ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण कोणा टपालवाल्याने केली असावी असे वाटते. डोंगर जवळूनही साजरेच असतात. फक्त ते चढायचे नसले तर.

या भागातल्या नावांची मला मौज वाटे. एका गावाचे नाव आडोशी. एकाचे पाचघर. एकाचे वाकडपाडा. नाव आहे की वर्णन, कळू नये. नाहीतर आम्ही सुशिक्षित! जव्हारला ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ म्हणायचे, पुण्याला ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’, इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’. ऑक्सफर्डमधला कोणी ‘आमचे गाव म्हणजे पश्चिमेचे पुणे’ म्हणाल्याचे ऐकिवात नाही. शिवाय महाबळेश्वर राहिले जागेवर आणि जिल्हाच सरकला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जव्हार, मोखाडा, खोडाळा ही सगळी मंडळी एक इंचही न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेली. घरबसल्या एवढा प्रवास आमच्या बँकेच्या चेअरमननेही केला नसेल.

माझे काम होते पत्त्यांचे. ज्या खात्यात दोन वर्षे काही देवघेव झाली नाही ते खाते निष्क्रिय होते. मग खातेदाराची ओळख, त्याचा पत्ता यांची नव्याने पडताळणी करायची आणि खाते चालू करायचे. आमच्या फॉर्मवर रकाने असतात : घर क्रमांक, इमारतीचे नाव, रस्ता, जवळची खूण. हा फॉर्म ज्याने छापला त्याने आयुष्यात फोर्ट विभागाबाहेर पाऊल टाकले नसावे. पाड्यावरच्या माणसाला ‘रस्ता?’ असे विचारले की तो माझ्याकडे कीव केल्यासारखा पाही. रस्ता असता तर तो तुमच्याकडे गाडीतून नसता का आला? ‘जवळची खूण?’ – ‘‘मोहाचं झाड.’’ आता त्या तालुक्यात मोहाचे झाड ही खूण म्हणजे मुंबईत ‘समोरून माणूस येताना दिसेल’ अशी खूण.

अशाच एका खात्याची फाइल माझ्याकडे आली. खातेदार वृद्ध. आपल्यापुरते त्यांना बाबा म्हणू. निराधारांचे मासिक अनुदान त्यांच्या खात्यात यायचे होते आणि खाते निष्क्रिय पडलेले. बाजाराला आलेल्या त्यांच्या पाड्यावरच्या एका पोराकरवी मी निरोप धाडला की, मंगळवारी बँकेचे साहेब येतील, घरी राहा. मंगळवारी मी नवे बूट घालून, पाण्याची बाटली विसरून, निघालो.

फाट्यावर एक गुराखी भेटला. मी विचारले, ‘‘पाडा किती लांब?’’

‘‘हे काय, इथंच.’’

तासभर चाललो. एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत येत होत्या. मी धापा टाकत विचारले, ‘‘ताई, पाडा?’’

‘‘आलाच की भाऊ. जवळच हाय.’’ एवढे बोलून त्या हंडे न हिंदकळवता पुढे गेल्याही.

आणखी पाऊण तास. ऊन डोक्यावर, बूट टाचेवर. एका ओढ्याच्या काठी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ‘‘आजोबा, आता तरी खरं सांगा.’’

‘‘हाकेवर आलाय बाबा.’’

पुढे बघतो तर ओढ्याच्या पलीकडे पुन्हा चढ. घर नाही, धूर नाही, कोंबडा नाही. माझा संयम तिथे संपला. तीन माणसे, तीन वेळा ‘जवळच’. हे सगळे संगनमताने मला बनवत आहेत असे मला वाटले. मी मागे फिरलो. संध्याकाळी खोलीवर येऊन टाचांना खोबरेल तेल लावले आणि फाइलवर लिहिले : ‘प्रत्यक्ष भेट दिली असता सदर इसम सदर पत्त्यावर आढळून आला नाही.’

रात्री झोप येईना. टाचा दुखत होत्या हे पहिले कारण. ‘आढळून आला नाही’ हे दुसरे.

मी स्वतःची समजूत घालू लागलो, की खोटे ते लोक बोलले. मला एक जुनी गोष्ट आठवली. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाच्या तपस्व्याने नेहमी खरेच बोलण्याचे व्रत घेतले होते. एकदा चोरांच्या भयाने काही माणसे पळत येऊन रानात लपली. मागोमाग चोर आले. ‘ते लोक कोणत्या वाटेने गेले?’ असे त्यांनी विचारले. कौशिकाने खरे ते सांगितले. चोरांनी त्या माणसांना गाठून मारले आणि खरे बोलून कौशिक नरकात गेला. आता गंमत पाहा. आपल्या परंपरेतली ही सत्यासत्याची नामांकित गोष्ट कशावरून घडली? एका माणसाने दुसऱ्याला रस्ता सांगितला त्यावरून!

आणि हे आपल्याकडेच नाही. जर्मनीतला थोर तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली हाच प्रश्न घेतला. खुनी तुमच्या दारात येऊन विचारतो, ‘तुमचा मित्र घरात लपला आहे का?’ काय सांगाल? कांट म्हणतो, तिथेही खोटे बोलता येणार नाही. म्हणजे कांटसाहेबांनी कौशिकाला पुऱ्या मार्कांनी पास केला असता आणि श्रीकृष्णाने नापास केलाच आहे. मी काय म्हणणार? आमच्या पेपरात अंतर्गत पर्याय नव्हते.

पण या दोन थोरांच्या मध्ये माझा गुराखी कुठे बसतो, याचा मी विचार करू लागलो. तो खोटे बोलला का?

पहिली गोष्ट, ती वाट त्याच्या पायाखालची होती. ‘पायाखालचा रस्ता’ हा आपला किती नेमका शब्द आहे! जो रस्ता पायाखालचा तो जवळ. मग तो कितीही लांब असो. हंडे घेतलेल्या बाई ती वाट दिवसातून दोन-तीनदा तुडवतात. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की या तालुक्यात टँकर येतात आणि टँकर पोहोचत नाही तिथे पाय पोहोचतात. त्याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४पासून मुंबईकडे जाते. म्हणजे मुंबईकराला वैतरणा नळाइतकी जवळ आणि वैतरणेच्या खोऱ्यातल्या बाईंना विहीर डोंगराइतकी लांब. अशा बाईंनी मला ‘जवळच हाय’ म्हटले, तर खोटे कोण बोलते आहे, त्या की नकाशा?

दुसरी गोष्ट, दमलेल्या माणसाला कोणी ‘अजून फार आहे बरं का’ म्हणत नाही. दवाखान्यात डॉक्टर ‘थोडंसंच दुखेल’ म्हणतात, तेव्हा आपण त्यांच्यावर खटला भरत नाही. ‘जवळच’ हे अंतर नव्हते. तो धीर होता. मी तो मीटरमध्ये मोजायला गेलो.

तिसरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी सापडली. बँकेत काम नव्हते म्हणून ‘कोस’ या शब्दाचा विचार करत बसलो होतो. कोस म्हणजे साधारण दोन मैल, एवढे आपण शाळेत शिकतो. पण मूळ संस्कृत शब्द ‘क्रोश’ आणि क्रोश म्हणजे हाक, ओरडणे. हाक जिथवर ऐकू जाते तेवढे अंतर म्हणजे क्रोश. ‘पंचक्रोशी’ त्यातलीच, आणि ‘आक्रोश’ही त्याच घरातला. कोस चालल्यावर शहरी माणूस आक्रोश का करतो, याचा उलगडा झाला. म्हणजे ‘हाकेवर आहे’ ही ओढ्याकाठच्या आजोबांची अडाणी भाषा नव्हती. आपल्या पूर्वजांचे ते अधिकृत मापच होते.

भाचा एकदा सांगत होता, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे. तिच्यात जागा सांगताना डावे-उजवे वापरतच नाहीत, फक्त दिशा. ‘तुझ्या उत्तरेकडच्या पायाजवळ मुंगी आहे’ असे म्हणायचे. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. आता विचार केला, हसण्यासारखे काय? माझे डावे मी वळलो की बदलते. त्यांची उत्तर मी कसाही वळलो तरी उत्तरच. आपली खेड्यातली माणसे ‘उगवतीला’, ‘मावळतीला’, ‘वरल्या अंगाला’ म्हणतात तेही तसेच. शहरी माणूस जग स्वतःपासून मोजतो. ती माणसे स्वतःला जगात मोजतात.

असे सगळ्यांना निर्दोष सोडल्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात मी एकटाच उरलो. बरे, माझे वाक्य तरी खोटे होते का? ‘आढळून आला नाही’ हे अक्षरशः खरे होते. मला बाबा आढळले नव्हतेच. पण कचेरीतल्या मराठीची करामत अशी, की तिच्यात कर्ता नसतो. ‘मी गेलो नाही’ असे ती कधी म्हणत नाही. ‘आढळून आला नाही’ म्हणते. ‘मी हरवले’ म्हणत नाही. ‘गहाळ झाले’ म्हणते. सगळा दोष आपोआप समोरच्यावर, नाहीतर कागदावर, नाहीतर पत्त्यावर. धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ यापुढे फिके आहे. त्याचा रथ निदान जमिनीला तरी टेकला. माझी फाइल बिनबोभाट वर गेली.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी काउंटरसमोर एक वाळकी, सावळी मूर्ती उभी राहिली. डोक्याला फडके, हातात काठी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेले पासबुक.

‘‘साहेब, मी सापडलो नाही म्हणे?’’

मी पासबुकावरचे नाव वाचले आणि मान वर करवेना.

बाबांच्या आवाजात तक्रार नव्हती. खरोखरीच कोडे पडल्याचा सूर होता. ‘‘मी तर कुठं गेलोच नव्हतो,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही येणार म्हणून मंगळवारी दारातच बसून होतो. कामावर गेलो नाही. पोरीनं चहाला दूध आणून ठेवलं होतं. सांजेपर्यंत बसलो.’’

साठ-सत्तर वर्षे एकाच जागी राहिलेला माणूस आपण तिथे नाही अशी नोंद का झाली, हे विचारायला दोन तासांची वाट तुडवून आला होता. माझ्या एका वाक्याने ते स्वतःच्या घरातून नाहीसे झाले होते. आणि ते वाक्य लिहायला मला अर्धे मिनिटही लागले नव्हते.

त्यांचे अंगठे घेतले, फोटो जुळवला, फॉर्म भरला. सही-शिक्क्याने भागत होते. पण पत्त्याची भेट बाकी होती आणि ती मीच द्यायला हवी होती. मॅनेजरना सांगून मी बाबांबरोबर निघालो. या वेळी चपला घातल्या. वाटेत बाबा फारसे बोलले नाहीत. मीच न राहवून म्हणालो, ‘‘बाबा, मी त्या दिवशी आलो होतो. ओढ्यापर्यंत. तिथून परत गेलो.’’

त्यांनी थांबून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ऐकावे लागणार. ते म्हणाले, ‘‘वाट नवी असली का लांब लागते.’’

एवढेच. कांट, कौशिक, श्रीकृष्ण कोणीही मला इतक्या स्वस्तात सोडले नसते.

ओढा आला. बाबांनी अलीकडे उभे राहून तोंडाभोवती हात धरले आणि एक लांबलचक हाक घातली. पलीकडच्या चढावरून, झाडांच्या मागून, लगेच उलट हाक आली. मुलीची. घर दिसत नव्हते, पण होते. त्या आजोबांनी सांगितले होते अगदी तिथेच, हाकेवर. त्या दिवशी मी इथेच उभा होतो. ते पलीकडे दारात बसले होते. हाकेचे अंतर मोजायला आधी हाक मारावी लागते, हे कोणत्याही फॉर्मवर छापलेले नसते.

कुडाच्या भिंती, सारवलेली ओटी, बाजूला मोहाचे झाड. मी बिनदुधाचा चहा प्यालो. दूध मंगळवारीच संपले होते. फॉर्मवर ‘जवळची खूण’ या रकान्यात लिहिले : ‘ओढ्यावरून हाक मारावी.’ आमच्या मुख्य कचेरीने त्यावर अद्याप खुलासा मागवलेला नाही. कॉम्प्युटरला त्यात काही चूक दिसली नसावी.

परत निघालो तेव्हा बाबा काठी घेऊन बरोबर आले. मी म्हटले, आता वाट माहीत आहे, येऊ नका. ते ऐकेनात. ओढा उतरून, चढ चढून, जिथून खोडाळ्याची वाट स्पष्ट दिसते त्या वळणापर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘जा आता. वाटेला लागलात.’’

‘वाटेला लावणे’ म्हणजे कटवणे, असा अर्थ मी आजवर घेत आलो. काउंटरवर आम्ही गिऱ्हाइकाला वाटेला लावतो, या टेबलावरून त्या टेबलावर. तिथे पहिल्यांदा कळले, की वाटेला लावणे म्हणजे पाहुण्याला त्याची वाट लागेपर्यंत सोबत करणे. शब्द तोच. आम्ही त्याची पार वाट लावून टाकली होती.

अजूनही डोंबिवलीत लोक मला पत्ता विचारतात. चेहरा काही बदललेला नाही. आता ठाऊक नसले तर मी ‘माहीत नाही’ म्हणतो. जरा जड जाते, पण म्हणतो. आणि ठाऊक असले तर शक्यतो कोपऱ्यापर्यंत बरोबर जातो. परवा असाच एका आजींना सोडायला गेलो आणि कोथिंबिरीची जुडी आणायला अर्धा तास लागला. सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या.

‘‘कुठे गेला होतात एवढा वेळ?’’

मी सहज म्हणालो, ‘‘हे काय, इथंच!’’